गावात कॅमेरे बसवायचं ठरून दोन वर्षं झाली, खांब नुसतेच उभे आहेत. काय करावं?

वेशीवरचा_वड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. साडेसहाशे उंबऱ्यांचं. 2023 च्या दिवाळीनंतर एका महिन्यात दोन घरफोड्या झाल्या आणि नदीकाठच्या अकरा जणांच्या मोटारींच्या केबली एका रात्रीत कापून नेल्या, आतल्या तांब्यासाठी. केबल गेली की पाण्याची पाळी चुकते, नवी आणेपर्यंत ऊस वाळतो. फोडलेल्या घरांपैकी एकात माझी चुलती एकटी होती. दागिन्यांचं ती बोलत नाही, पण अजून रात्री दिवा घालवून झोपत नाही.

26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत ठराव झाला. 16 कॅमेरे. निम्मे पैसे पंधराव्या वित्त आयोगातून (केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा निधी), निम्मे लोकवर्गणीतून. मुंबईकर मंडळाने एकट्याने 1 लाख 40 हजार दिले. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठल्यावर पावसाळ्यात खांब रोवले. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता. मग ग्रामसेवक भाऊसाहेब बदलून गेले. नवे म्हणतात, अंदाजपत्रक जुनं झालं, नवं करा. वर्गणीतून आठ कॅमेरे आधीच आणले होते, ते ग्रामपंचायतीच्या कपाटात खोक्यात आहेत. वॉरंटी चालू आहे, कॅमेरा एकही चालू नाही.

अडकतं नेमकं कुठे? तुमच्याकडे कसं पार पडलं? वर्गणी मागायला मी दारोदार फिरलोय, त्यामुळे लोक मला विचारतात, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

पेठेतली_मीरा
वाचून वाईट वाटलं. आमची पुण्यातली सोसायटी 48 घरांची. आम्हालाही तीन वर्षं लागली, आणि तिथे ना आचारसंहिता होती ना वित्त आयोग. दर सर्वसाधारण सभेत विषय यायचा आणि 'अजून एक कोटेशन मागवू' वर संपायचा.

जुना_पोस्टमन
वडभाऊ, उशीर फक्त गावात होतो असं नाही. 26/11 नंतर राम प्रधान समिती नेमली गेली, मुंबईभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारायचं ठरलं. निविदा निघाल्या, बारगळल्या, पुन्हा निघाल्या. मधेच 13 जुलै 2011 ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट झाले. तोवर प्रकल्प कागदावरच. करार व्हायला 2015 उजाडलं आणि 1,510 ठिकाणचे सुमारे 4,700 कॅमेरे पूर्ण सुरू झाले ऑक्टोबर 2016 मध्ये. म्हणजे जवळपास आठ वर्षं.

मी तेव्हा दादरला टपाल वाटायचो. कबुतरखान्याजवळ स्फोट झाला त्या संध्याकाळी मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतो. म्हणून हा विषय माझ्यासाठी निविदेपुरता नाही.

पेठेतली_मीरा
पोस्टमनकाका, पुण्यातही तेच. फेब्रुवारी 2010 मध्ये जर्मन बेकरीत 17 जण गेले. शहरभर कॅमेरे हवेत असं सगळे म्हणाले. 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले तेव्हा ते काम झालेलं नव्हतं. बाराशेच्या वर कॅमेरे त्यानंतर लागले.

तालमीतला
माझं मत वेगळं आहे. कॅमेरा चोर पकडत नाही, चोराचा फोटो काढतो. आमच्या गावात दहा-दहा पोरांच्या तुकड्या करून रात्रीची गस्त सुरू केली. हातात बॅटरी आणि काठी, रात्री 11 ते 4. दोन वर्षांत एक केबल गेली नाही. खर्च काय, तर चहाचा. सोबत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहेच. एक टोल फ्री नंबर फिरवला की गावातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. कॅमेऱ्याची वाट बघत दोन वर्षं बसण्यापेक्षा आजपासून हे करा.

वेशीवरचा_वड
गस्त आम्हीही घातली, तालमीतले. पहिले तीन महिने जोरात. मग ऊसतोड लागली, पोरं दिवसभर रानात, रात्री कोण जागणार? आणि निम्मी तरणी पोरं पुण्याला कंपनीत. गावात उरलेत साठीच्या पुढचे. तुमच्याकडे पोरं आहेत, हे मोठं भाग्य आहे.

कॅमेरेवाला_मिरज
मी हेच काम करतो, सतरा वर्षं झाली. सांगली, कोल्हापूर, विजापूर पट्ट्यातली तीसेक गावं केली असतील. जरा सविस्तर लिहितो.

उशीर कॅमेऱ्यामुळे होत नाही. अर्ध्या तासात कॅमेरा बसतो. अडतं ते चार ठिकाणी, आणि ठरावात त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

पहिलं वीज. वडभाऊ, तुमच्या खांबांना वीज कुठून येणार आहे? स्ट्रीट लाइटच्या लाइनवरून घ्यायची म्हणाल तर ती सकाळी बंद होते, म्हणजे कॅमेरा दिवसा आंधळा. वेगळा मीटर घ्यायचा तर अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने, आणि जुनं पथदिव्यांचं बिल थकलेलं असेल तर तिथेच गाडी अडते. 16 कॅमेरे, स्विच (कॅमेऱ्यांच्या वायरी एकत्र जोडणारा डबा), रेकॉर्डर मिळून साधारण 200 वॉट धरा. चोवीस तासांचे पावणेपाच युनिट, महिन्याला दीडशेच्या आसपास. हे बिल कोण भरणार ते ठरावात लिहिलंय का? नसेल तर नवे भाऊसाहेब सही करायला कचरणारच.

दुसरं केबल. नेटवर्कची तांब्याची वायर 100 मीटरच्या पुढे चालत नाही. गाव दीड किलोमीटर लांब पसरलेलं असलं की फायबर लागते. खांबावरून ओढली तर उसाचा ट्रक तोडतो, जमिनीतून नेली तर पाणी योजनेचा जेसीबी तोडतो. मी आता एका ठिकाणी सगळं गोळा करण्याचा हट्टच सोडलाय. वेशीला एक छोटा रेकॉर्डर, शाळेजवळ एक, स्टँडला एक. एक बंद पडला तरी बाकीचे चालतात.

तिसरं साठवण. 4 मेगापिक्सेलचा कॅमेरा चांगल्या कॉम्प्रेशनवर दिवसाला 20-21 जीबी खातो. 16 कॅमेऱ्यांचे दिवसाला सव्वातीनशेच्या वर जीबी. महिनाभराचं ठेवायचं तर 10 टीबी, म्हणजे 10 हजार जीबी पाहिजे. कोटेशनमध्ये 4 टीबीची हार्ड डिस्क लिहिलेली असते, ती अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसत जाते. चोरी झालेली कळते पंधराव्या दिवशी, आणि मग 'कॅमेऱ्यात काही दिसत नाही' म्हणून बोंब होते.

चौथं, दर का बदलले. एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सरकारी प्रयोगशाळेतली सुरक्षा तपासणी सक्तीची झाली. कॅमेरा बाहेरून कुणाला उघडता येतो का, माहिती परस्पर कुठे जाते का, हे तपासतात. नियम चांगला आहे. पण जुनी स्वस्त मॉडेल्स त्यात अडकली आणि 2024 ची अंदाजपत्रकं कोसळली. तुमचे भाऊसाहेब म्हणतात त्यात तथ्य आहे.

आणि एक कळकळीचं. खोक्यातले आठ कॅमेरे बाहेर काढून एकदा टेबलावर लावून बघा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, बसवल्यापासून नाही.

भोरचा_पाऊस
मिरजकर, प्रतिसाद जपून ठेवलाय. आमच्याकडे कॅमेऱ्याला कोळ्याने जाळं केलं होतं. रात्री कॅमेऱ्याचा लाल दिवा त्या जाळ्यावर पडायचा आणि सगळं चित्र पांढरं. शेवटी सरपंचबाईंनी बांबूला जुना झाडू बांधून दिला. दर रविवारी शाळेतली दोन मोठी मुलं कॅमेऱ्यांची जाळी काढतात. मुलांना त्या कामाचा मोठा अभिमान आहे.

कॅमेरेवाला_मिरज
हा झाडू प्रत्येक कोटेशनमध्ये लिहायला पाहिजे 🙂 मनापासून सांगतो, निम्म्या तक्रारी या झाडूने मिटतात.

निवृत्त_भाऊसाहेब
मी 31 वर्षं ग्रामसेवक होतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च 2026 पर्यंत, त्याचे सगळे पैसे मनासारखे खर्च करता येत नव्हते. 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेले 40 टक्के अबंधित. रस्ता, शाळेची खोली, स्मशानभूमीची शेड आणि तुमचे कॅमेरे, सगळे त्या 40 टक्क्यांत रांगेला. काम गावाच्या वार्षिक आराखड्यात नसेल तर नुसत्या ठरावावर पैसा निघत नाही. आराखड्यात आलं तरी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग खरेदी. तांत्रिक मान्यता देणारा अभियंता रस्ते-बांधकामाचा. त्याला रेकॉर्डर आणि स्विचचं अंदाजपत्रक तपासायला सांगितलं की तोही दहा वेळा विचार करतो, कारण लेखापरीक्षणात आक्षेप आला तर वसुली सही करणाऱ्याच्या पगारातून.

आणि वडभाऊ, राग मानू नका, पण तुमच्या गावाने घोळ केलाय तो इथे: लोकवर्गणी आणि शासकीय निधी एकाच कामात मिसळलाय. अर्धे कॅमेरे पंचायतीने मागवलेले नाहीत, त्यांची निविदा नाही, साठा नोंदवहीत ते कसे घेणार? मी तुमच्या नव्या अधिकाऱ्याच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो.

उपाय साधा आहे. दोन कामं वेगळी करा. वर्गणीतले आठ कॅमेरे देणगी म्हणून पंचायतीला रीतसर द्या, देणगीपत्र आणि स्वीकाराचा ठराव करून. ते चालू करा. उरलेले आठ पुढच्या आराखड्यात स्वतंत्र काम म्हणून घ्या.

वेशीवरचा_वड
भाऊसाहेब, राग कसला. दोन वर्षांत हे मला कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की मुद्दाम अडवलंय. त्यांच्याशी दोनदा चढ्या आवाजात बोललोय, त्याचं आता वाईट वाटतं.

शेवंता_नाशिक
मला एका गोष्टीवर बोलायचंय, अजून कुणी काढली नाही. कॅमेऱ्यांच्या जागा कोण ठरवतं? आमच्या गावात पुरुषांनी पारावर बसून ठरवल्या. एक कॅमेरा बारवेकडे, जिथे आम्ही धुणं धुतो. एक थेट वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर. आणि ते चित्र दिसणार कुठे, तर ग्रामपंचायतीत आणि सात-आठ जणांच्या मोबाइलवर. ते सात-आठ जण कोण? त्यात एकही बाई नाही.

आम्ही महिला सभेत विरोध केला. आठ महिने काम थांबलं. 'बायकांनी काम अडवलं' असं आजही म्हणतात. पण त्या आठ महिन्यांत दोन कॅमेऱ्यांची तोंडं वळली, एक रद्द झाला, आणि मोबाइलवर बघण्याची सोय काढून टाकली. आता फुटेज हवं असेल तर लेखी अर्ज, आणि उघडताना आशाताई किंवा अंगणवाडीताईंपैकी एक हजर. हा उशीर मला वाया गेलेला वाटत नाही.

तालमीतला
शेवंताताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण चोरी करणारे तेवढ्या आठ महिन्यांत येऊन जातात, त्याचं काय?

शेवंता_नाशिक
येतात ना, दादा. म्हणूनच आधी विचारा, म्हणजे नंतर आठ महिने जाणार नाहीत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हा कायदाच आहे. जागांचा कागद तिथे एकदा नीट वाचला असता तर सगळं एका दुपारी मिटलं असतं.

लेस्टरकर
शेवंताताईंशी पूर्ण सहमत. इथे ब्रिटनमध्ये माझ्या घरच्या कॅमेऱ्यात माझ्या कुंपणाबाहेरचा रस्ता दिसत असेल तर माहिती संरक्षणाचा कायदा मलाही लागू होतो. पाटी लावावी लागते आणि कुणी स्वतःचं चित्रीकरण मागितलं तर द्यावं लागतं. माझी आई वाईजवळ असते. तिच्या गल्लीतल्या कॅमेऱ्यावर साधी पाटीसुद्धा नाही. पाटीला किती खर्च येतो?

दख्खनी
हैदराबादहून लिहितोय. इथे 2013 पासून सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे. जिथे एका वेळी शंभर किंवा दिवसाला पाचशे माणसं येतात अशा दुकानांना, रुग्णालयांना, मंगल कार्यालयांना कॅमेरे लावणं आणि तीस दिवसांचं चित्रीकरण ठेवणं बंधनकारक. वर पोलिसांनी वस्त्यांना वर्गणी काढायला लावून सामुदायिक कॅमेरे उभे केले. त्यामुळे कॅमेरे भराभर वाढले हे खरं. पण पहिल्या दुरुस्तीच्या वेळी वर्गणी कुणी देत नाही हेही तितकंच खरं. आमच्या गल्लीतले सहापैकी दोन चालतात.

पेठेतली_मीरा
दिल्लीचं आठवलं. 2015 च्या निवडणुकीत कॅमेऱ्यांचं आश्वासन होतं. मग फाइल कुणाच्या अधिकारात, यावर राज्य सरकार आणि नायब राज्यपालांत वाद. मे 2018 मध्ये मुख्यमंत्री आणि आमदार त्यासाठी रस्त्यावर ठिय्या देऊन बसले होते. कॅमेरे बसायला सुरुवात 2019 च्या मध्यावर.

वकील_सोलापूर
पुराव्याबद्दल थोडं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 खाली फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं. रेकॉर्डर कुणाच्या ताब्यात होता, नीट चालत होता का, हे लिहून द्यावं लागतं, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा, नमूद करावा लागतो. गावात रेकॉर्डरची किल्ली चार जणांकडे आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच. अशा वेळी प्रमाणपत्रावर सही करायला कुणी पुढे येत नाही. एका चोरीच्या खटल्यात चोराचा चेहरा स्वच्छ दिसत होता, पण फुटेज मोबाइलवर मोबाइल धरून काढलेलं आणि मूळ पुसलेलं. ज्यांच्याकडे चोरी झाली त्या म्हातारबाबांना मी काय सांगायचं? तेव्हा रेकॉर्डरसाठी एक जबाबदार माणूस लेखी नेमा. कॅमेरा लावण्याआधी नेमा.

उशीराचं म्हणाल तर, प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाला पुन्हा पुन्हा विचारणा करावी लागली आहे.

मास्तर_विदर्भ
शाळेबद्दल कुणी बोललं नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने सगळ्या शाळांना महिन्याभरात कॅमेरे लावायला सांगितलं. तिथे घटनेच्या दिवसांचं फुटेजच मिळालं नव्हतं, हे लक्षात ठेवा. आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. महिन्याभरात कसले, पैसेच नव्हते. शेवटी पालकांनी दोन कॅमेरे दिले. मी रोज सकाळी प्रार्थनेआधी रेकॉर्डर उघडून कालची पाच मिनिटं बघतो आणि वहीत तारीख लिहून सही करतो. त्या वहीमुळे एकदा कळलं की सहा दिवस काही साठतच नव्हतं.

जुना_पोस्टमन
मास्तर, तुमच्या वहीला माझा नमस्कार.

कॅमेरेवाला_मिरज
+1. मी आता प्रत्येक गावाला अशी वही देतो. देखभालीच्या करारात लिहूनही घेतो की वही भरली नसेल तर तक्रार घेणार नाही.

तालमीतला
एक कबूल करतो. मागच्या आठवड्यात आमच्याकडे एका आजोबांना पिकअपने उडवलं. गस्तीची पोरं दोन चौक सोडून होती. नंबर कुणी पाहिला नाही. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात गाडी सापडली. आजोबा बरे आहेत. गस्त सोडणार नाही, पण वेशीला एक कॅमेरा हवाच असं आता वाटतंय. मिरजकर, रात्री नंबर दिसेल असा कोणता घ्यावा?

कॅमेरेवाला_मिरज
साध्या कॅमेऱ्यात हेडलाइटचा उजेड नंबरप्लेट गिळून टाकतो. शटर वेगवान ठेवता येणारा, नंबरप्लेटसाठीचाच कॅमेरा घ्या आणि गतिरोधकाजवळ, रस्त्याच्या कडेला, कमी उंचीवर लावा. शेजारी एक साधा कॅमेरा पूर्ण चित्रासाठी. दोन्ही लागतात. खांबाला अर्थिंग विसरू नका, पहिल्या वळवाच्या विजेला स्विच जातो.

वेशीवरचा_वड
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय.

निवृत्त भाऊसाहेबांचा प्रतिसाद कागदावर उतरवून नव्या अधिकाऱ्यांकडे घेऊन गेलो. आधी झाल्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला. दोघांनी मिळून देणगीपत्राचा मसुदा केला. मंगळवारी महिला सभा झाली, जागांचा नकाशा तिथे वाचला. शेवंताताई, तुमचं बरोबर होतं. पाणवठ्याकडचा कॅमेरा आमच्या नकाशातही होता, दोन वर्षांत आम्हाला कुणालाच दिसला नव्हता. तो हलवला. शुक्रवारी ग्रामसभेत ठराव झाला.

खोक्यातले आठ कॅमेरे लावून बघितले. सात चालले, आठव्यात पाणी शिरल्यासारखं धुकं आहे. वॉरंटीचे चार महिने बाकी होते, बदलून मिळतोय. विजेचं असं ठरलं: वेशीचे दोन कॅमेरे दूध डेअरीच्या मीटरवर, स्टँडचे दोन सोसायटीच्या गोदामावरून. दोघांनी ठराव करून वर्षाची वीज गावाला दिली. मुंबईकर मंडळाला पै-पैचा हिशोब पाठवला. तिकडून फोन आला, आम्ही पैशासाठी विचारत नव्हतो, काळजी वाटत होती म्हणून विचारत होतो. तेव्हा मला बोलता येईना.

आज संध्याकाळी पहिले चार चालू झाले. चुलतीला डेअरीत नेऊन पडद्यावर तिच्या घराकडची वाट दाखवली. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, दिवा मी तरी चालूच ठेवणार.

शेवंता_नाशिक
ठेवू द्या त्यांना. रेकॉर्डरची किल्ली कुणाकडे दिलीत?

वेशीवरचा_वड
अंगणवाडीताईंकडे एक, अधिकाऱ्यांकडे एक. पाटी रंगवायला दिली आहे, सोमवारी लागेल. मास्तर, तुमच्या वहीच्या पानाचा फोटो टाकाल का? रकाने कसे आखलेत ते बघायचंय.

मास्तर_विदर्भ
उद्या शाळेत गेल्यावर टाकतो. रकाने पाचच आहेत: तारीख, वेळ, किती कॅमेरे चालू, सगळ्यात जुनं फुटेज किती तारखेचं, सही. चौथा रकाना कधीही रिकामा सोडू नका.